घ्या, सर

आमचा संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला असं म्हणणं म्हणजे आम्हाला नको तेवढा मोठेपणा देणं आहे. हरायला आधी खेळावं लागतं. त्या शुक्रवारी कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालच्या रेताड मैदानावर आम्ही सकाळी सातला फलंदाजीला उतरलो आणि पावणेआठला चौतीस धावांत आटोपलो. समोरचा संघ तिथल्याच बाजारपेठेतला होता. एक लॉन्ड्रीवाला, दोघे गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे, तिघे एकाच कॅफेटेरियातले. त्यांनी चौतीस धावा चार षटकांत काढल्या, एकही गडी न गमावता, कारण त्यांना साडेनऊला शटर उघडायचं होतं. निघताना त्यांच्या कप्तानाने आम्हाला दाट दुधाचा करक चहा पाजला आणि तो म्हणाला, "भाई, बहोत अच्छा खेले." हे बोलताना तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा अजून ऋणी आहे.

दोहापर्यंतचा तासाभराचा रस्ता आम्ही तीन गाड्यांतून कापला. घरी पोचेपर्यंत आमच्या कप्तानाचा ग्रुपवर मेसेज आला होता. शनिवारी सकाळी दहा वाजता चिंतन बैठक, उपस्थिती अनिवार्य, नाश्ता आहे.

आमचा कप्तान पुण्याचा. गॅस कंपनीच्या सुरक्षा खात्यात आहे. त्याच्या खात्यात कोणी जिन्यावरून घसरला तरी बारा पानी अहवाल होतो आणि शेवटी जिन्याला सूचनाफलक लागतो. मदिनत खलीफातल्या त्याच्या व्हिलाच्या दिवाणखान्यात आम्ही दहा जण सोफ्यावर आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलो, तेव्हा टीव्हीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मूळ कारण विश्लेषण'. खाली माशाचा सांगाडा काढला होता. माशाचं डोकं म्हणजे पराभव आणि प्रत्येक काट्यावर एकेक कारण भरायचं.

पहिला काटा फलंदाजीचा होता. कप्तान स्वतः पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला होता, त्यामुळे तिथे 'बाह्य परिस्थिती' असं लिहून आम्ही पुढे सरकलो. मॅट उडत होती, ऊन डोळ्यांवर येत होतं, उत्तरेकडून येणारं शमालचं वारं उलटं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे सगळ्यांच्या मनात होतं, पण तोंडात पोहे होते. त्या दिवशी आमच्या वाट्याला आलेला एकमेव झेल सुटला होता आणि सगळ्या काट्यांचा शेवट त्या झेलावर झाला. चौतीस धावा करणाऱ्या संघाचा पराभव एका झेलाने कसा होतो, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच, कारण त्या झेलाखाली आम्ही दोघे होतो, आणि त्यातला एक मी.

दुसरा आमचा गोलंदाज. परभणीकडचा, सव्वीस वर्षांचा, एका बांधकाम कंपनीत दोन वर्षांच्या करारावर सर्व्हेअर. आमच्यात खऱ्या अर्थाने क्रिकेट येणारा तो एकटा, आणि कोणालाही अरे-तुरे न करणाराही तो एकटा. मी एक्कावन्न वर्षांचा, नाशिकचा, एसीचे डक्ट डिझाइन करतो. मैदानावरही तो मला सर म्हणायचा. मी चौकार अडवला की म्हणायचा, "मस्त, सर." पायाखालून चेंडू गेला तरी म्हणायचा, "असू द्या, सर."

झालं असं. पहिल्याच षटकात त्याच्या चेंडूवर त्यांच्या लॉन्ड्रीवाल्याने उंच फटका मारला. चेंडू सरळ वर गेला आणि गोलंदाज व मी, मिड-ऑनवर, यांच्या मधोमध खाली येऊ लागला. तो चेंडूखाली येऊन हात पसरून उभा राहिला. आमचे बाकीचे नऊ जण एकाच वेळी काही ना काही ओरडत होते. चेंडू जमिनीवर पडला. कप्तान धावत आला आणि त्याने विचारलं, "कोणाचा होता?" मी म्हणालो, "मला वाटलं, हा घेतोय." गोलंदाज म्हणाला, "मी घ्या म्हणलो सरांना." एवढंच बोलणं झालं. त्यातलं एक वाक्य खरं होतं, आणि दोन्ही मिळून साफ खोटं होतं, हे त्या मैदानावर दोघांनाच माहीत होतं.

बैठकीत तो अर्धा तास उशिरा आला, कारण जुन्या वस्तीतून, नजम्याहून, येणारी बस हुकली होती. हातात स्टीलचा डबा होता. आईने गावाहून धाडलेली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांसाठी आणली होती. तो दारात चपला काढतोय तोवर कप्तानाने विचारलं, "तू 'घ्या' का म्हणालास?"

"सर समोर होते म्हणून," तो म्हणाला.

"चेंडू वर असताना 'घ्या' म्हणतात? ही काय पंगत आहे?"

नेमकं त्याच वेळी वहिनी पोह्यांचं पातेलं घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. "घ्या ना, घ्या अजून, काहीच घेतलं नाही तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि दिवाणखान्यात जे हसू फुटलं ते चांगली पाच मिनिटं चाललं. वहिनींना कळेना काय झालं. कप्तानाच्या मुलीने आतून येऊन विचारलं, "बाबा, व्हाय डिडन्ट समबडी जस्ट कॅच इट?" सबंध बैठकीत कामाचं असं ते एकच वाक्य होतं, आणि तिला अभ्यासाला बसायला पाठवण्यात आलं.

शेवटी दोन ठराव झाले. पहिला असा की मैदानावर सगळ्यांनी सगळ्यांना अरे-तुरे करायचं. वय, हुद्दा, नातं, सगळं बाउंड्रीबाहेर. 'घ्या' बंद. ज्याचा झेल त्याने 'माझा' ओरडायचं, दुसऱ्याला द्यायचा असेल तर 'घे रे'. दुसरा ठराव कप्तानाने आवाज जरा खाली आणून मांडला. पुढच्या मोसमात आयटीतला एक चांगला खेळाडू येतोय, म्हणजे आपल्यातल्या एकाला राखीव व्हावं लागेल. राखीव म्हणजे ग्रुपमध्ये नाव राहतं, पण कोणी रजेवर भारतात गेलं तरच बोलावणं येतं. कप्तानाने एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि एकदा गोलंदाजाकडे. मी संघाच्या पहिल्या दिवसापासून आहे. तो दीड वर्षापूर्वी आला. "चूक कबूल केली आहे त्याने," कोणीतरी म्हणालं. "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी बघू तुझं."

"चालेल, सर," तो म्हणाला.

मी ताटलीतला शेवटचा शेंगदाणा शोधत होतो. तो सापडला नाही.

परतताना त्याला मी गाडीतून नजम्याला सोडलं. रस्त्यात मीच विचारलं, शुक्रवारी आता काय करशील. तो म्हणाला, "काय करावं? खोलीत सहा जण हायेत, सर. शुक्रवारी सगळे दुपारपस्तोर झोपतेत. मी पहाटं उठून बूट घालायलो की आठवड्याचं सगळं इसरायलो. आता बघू." मग म्हणाला, "सर, तुमचा गुडघा दुखायलाय का? काल धावताना मधीच थांबले तुम्ही."

गुडघ्याला माझ्या काहीही झालेलं नव्हतं. मी म्हणालो, "थोडा."

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी तो उतरला. चटणीचा डबा जाताना माझ्या मांडीवर ठेवून गेला.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते काही उगीच नाही. मी सांगितलं की खरं तर 'माझा!' असं मीच ओरडलो होतो. चांगलं पोटातून. ते ऐकूनच तो थांबला, "घ्या सर" म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. मग मी वर पाहिलं. चेंडू भलताच उंच होता, उन्हात मिसळला होता, मला माझा चष्मा आठवला, दात आठवले, आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

बायको म्हणाली, "यात नवीन काय आहे? गॅसवर दूध असलं की तुम्ही 'माझं लक्ष आहे' म्हणून ओरडता, आणि ते उतू जातं. पण दूध उतू गेल्यावर तुम्ही दुसऱ्याला राखीव नाही करत."

मला तिचा राग आला. राग यायला आणखी कोणी नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी सरावाला कप्तानाने त्यालाही बोलावलं. राखीवात असला तरी मूळ कारण तोच होता, त्यामुळे उपाययोजना त्याच्यावरच करून बघायची होती. मैदानावर दोघादोघांच्या जोड्या लावल्या. कप्तान मध्ये उभा राहून चेंडू उंच फेकणार, आणि जोडीने अरे-तुरेत ओरडायचं. पहिली जोडी आमच्या अकाउंटंटची आणि त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची. जावयाला 'घे रे' म्हणायला मेहुण्याची जीभ उचलेना. तो "घे रे... जी" असं काहीतरी म्हणाला आणि झेल जावयाच्या खांद्यावर पडला. दुसऱ्या जोडीतल्या एकाने आपल्या ऑफिसातल्या वरिष्ठाला एवढ्या जोरात "घे रे!" म्हटलं की त्याच्या किती वर्षांचं मनात साठलं होतं ते सगळ्यांना कळलं. वरिष्ठाने झेल सोडला आणि मग सरावभर त्याच्याशी बोलला नाही.

तिसरी जोडी आमची.

पहिला चेंडू वर गेला. "घ्या, सर," तो म्हणाला. कप्तान ओरडला, "अरे, तू म्हण!" दुसरा गेला. त्याने तोंड उघडलं, आवाज आला नाही, आणि चेंडू त्याच्या पायापाशी पडला. तिसऱ्याला तो म्हणाला, "घे रे, सर." लोक हसले. तोही हसला, पण कानापर्यंत लाल झाला होता. "यल्ला, पुन्हा!" कप्तान म्हणाला. "हा सुधारल्याशिवाय आपलं काही खरं नाही." एकाने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं. त्याला म्हणे ग्रुपवर टाकायचं होतं.

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा जागेवर उभा राहिला. मला एकदम स्वतःची किळस आली. तशी आठवडाभर येतच होती.

"थांबा," मी म्हणालो. "त्या दिवशी 'माझा' मी ओरडलो होतो."

कोणाला काही कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. "झेल याचा होता. हा खाली येऊन उभा होता. मी 'माझा' म्हणालो म्हणून हा सरकला. मग मी घाबरलो. गुडघा वगैरे काही नाही. याला राखीव करू नका, मला करा."

चित्रीकरण करणाऱ्याने मोबाइल खाली घेतला. कप्तान हातातला चेंडू फिरवत राहिला. त्याच्या सांगाड्यात या कारणासाठी काटा नव्हता. शेवटी त्याने गोलंदाजाला विचारलं, "खरं आहे हे?"

तो कप्तानाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तो रोजचा आदर कुठे गेला होता देव जाणे.

"तू वरडलास," तो मला म्हणाला. "म्या ऐकलं होतं. तूच वरडलास."

"शाब्बास!" कप्तान आनंदाने ओरडला. "जमलं! ऐकलंत ना सगळ्यांनी? असंच म्हणायचं!"

मग त्याने वही काढली, एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं, आणि चेंडू पुन्हा उंच फेकला. आम्ही दोघे अजून तिथेच उभे होतो. चेंडू आमच्या मधोमध खाली येऊ लागला.

"माझा!" तो म्हणाला.

मी बाजूला झालो.