दारावरच्या खडूच्या खुणा

थोरले गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांचं घर कुठे, हे धाकट्याला फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारावं लागलं. एवढीच त्याची ओळख, हे आधीच कबूल केलेलं बरं.

थोरला-धाकटा हे वयावरून, नातं काहीच नाही; इस्पितळाच्या पंपघरात दोघांनी एकोणीस वर्षं एकच खुर्ची झिजवली. सकाळपाळीचे थोरले उठायचे, तेव्हा दुपारपाळीचा धाकटा बसायचा. भेट दहा मिनिटांची, तीही पंपांच्या घरघरीत. कानाशी ओरडलं तरी अर्धं हवेत विरायचं. लिहून ठेवावं, तर थोरल्यांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. म्हणून ते दारावर खडूने खुणा करून जात. गोल म्हणजे पंप, आडवी रेघ म्हणजे झडप बंद.

इथवर ठीक होतं. पण खुणा अजून सोप्या करता येतील, असं थोरल्यांच्या डोक्यात बसलं होतं. दर पंधरवड्याला काहीतरी सोपं व्हायचं आणि धाकट्याचं डोकं उठायचं.

"रेघ आता उभी केलीये. लांबून दिसते."

"अहो, आडवी मला पाठ झाली होती!"

"होईल रे सवय."

एकदा गोलावर फुली मारून ते निघून गेले. आदल्या महिन्यापर्यंत फुली म्हणजे पंप चालू करायचा. मागाहून म्हणे, "फुली म्हणजे नको, हे शेंबड्या पोरालाही कळतं." धाकट्याने जुन्या खुणेप्रमाणे पंप लावला. खालचा हौद धुण्यासाठी रिकामा केलेला. पंप कोरडा फिरला नि जळला. साहेबांनी धाकट्याला लेखी बजावलं, पुन्हा चूक झाली तर घरी बसायचं. थोरले जाऊन म्हणालेही, "खूण माझी होती." साहेब म्हणाले, "बटण कोणी दाबलं?"

तेव्हापासून थोरले रोज अर्धा तास जास्त थांबून एकेक खूण बोटाने समजावू लागले. रोज बस चुकायची. धाकटा आणखीच वैतागायचा.

"निघा हो आता, मुलगी वाट बघत असेल!"

थोरल्यांना मुलगी आहे की मुलगा, हेही त्याला नक्की ठाऊक नव्हतं.

मग एका शुक्रवारी दार कोरं करकरीत. धाकट्याने ते वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आज चुकलं तर नोकरी गेलीच! मनातल्या मनात थोरल्यांना शिव्या घालत तो आत शिरला, आणि थबकला. तिसऱ्या झडपेच्या चाकाला लाल फडकं घट्ट बांधलेलं. हात लावायचा नव्हता तो तिलाच. पाठ करायला काही उरलंच नव्हतं.

थोरल्यांचा तो कामाचा शेवटचा दिवस ठरला; पुढे आली ती ते गेल्याचीच बातमी. त्या दिवशी मात्र आत कोपऱ्यात डबा पिशवीत टाकत ते ओरडले, "सोपं झालं ना?"

"झालं! एकोणीस वर्षं कुठे होतं हे फडकं?"

"घरी. खिडकीचा पडदा होता. खडू उरलाय थोडा, ठेवू?"

"नको. निघा, बस जाईल."