चित्रात न काढलेला घास

डेल्बर्ट म्हणजे आमच्या शेजारच्या अर्लिंडाचा नवरा. आमच्या झुनी लोकांत घर बाईचं, त्यामुळे जावई म्हटला की घरजावईच. पण हा जावई असा, की इतकी वर्षं सासूच्या घरात राहूनही त्याचा आवाज मला भिंतीपलीकडून कधी ऐकू आला नाही. अर्लिंडाचा मात्र रोज यायचा. सकाळी मेंढरं, दुपारी मक्याचं शेत, आणि वेळ उरला की हा खिडकीशी जलरंग घेऊन बसायचा.

त्याची चित्रं विकणारा दुकानदार त्याच्या मागे लागायचा, "नाचांची काढ, मुखवट्यांची काढ, हातोहात जातील." डेल्बर्ट एवढंच म्हणायचा, "ते देवाचं, काढायचा मला हक्क नाही." तो काढायचा भट्टीतून पाव ओढणाऱ्या बायका, छपरावर वाळणाऱ्या मिरच्या. मलाही एकदा काढलं होतं, भांडताना. तोंड हे एवढं उघडं! मी कितीतरी दिवस बोलले नाही त्याच्याशी. पण खोटं कशाला बोलू, तोंड माझंच होतं.

त्या दिवशी अंगणातल्या भट्टीत पाव भाजून झाले होते. मी मदतीला गेलेली, म्हणून जेवायलाही थांबले. डेल्बर्टची आत्या फिलोमेना आलेली. भाच्याची टिंगल करणं हा आमच्यात आत्याचा हक्कच, आणि फिलोमेनाने तो कधी वाया घालवला नाही. कोपऱ्यात वाळत ठेवलेलं नवं चित्र तिने उचललं. चित्रात याच घरातलं जेवण होतं. मधोमध अर्लिंडाची आई, म्हणजे आमची रोझिटामावशी. दोन्ही बाजूंना अर्लिंडा आणि तिची बहीण वर्ना, मुलं, मटण-मक्याचा रस्सा, मागे पेटलेली चूल.

"अगं बाई!" फिलोमेना ओरडली. "सगळे गिळतायत, आणि चुलीकडे एकाचाही हात नाही! अरे मेल्या, गेलेल्या माणसांना घास कुणी द्यायचा? उपाशी ठेवलास की रे सगळ्यांना! सणातल्या विदूषकांच्या कानावर जाऊ दे, चौकात सगळ्या गावासमोर तुझी सोंगं काढतील!"

पहिला तुकडा चुलीत टाकल्याशिवाय आमच्यात कुणी घास घेत नाही. मी खो खो हसले. मग लक्षात आलं, मी आणि फिलोमेनाच हसतोय. अर्लिंडा मान खाली घालून रश्शात डाव फिरवत राहिली. वर्ना मुलाचं नाक पुसायला लागली. नाक कोरडं होतं.

रोझिटामावशीला दिसत नसे. एकदा तुकडा टाकताना तिचा हात भाजला, तेव्हापासून लेकी म्हणायच्या, "आई, तू बस, आम्ही टाकतो तुझा." मग ती निवांत जेवायला लागायची.

"खरं का रे हे?" मावशीने विचारलं.

डेल्बर्टने बायकोकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"काढायचं विसरलो, आई," तो म्हणाला.

मावशीचा चेहराच उतरला. "माझं घर, माझी माणसं, आणि असलं चित्र कुणाच्या तरी भिंतीवर जाणार? माझ्या गेलेल्या आईला मी काय तोंड दाखवू? ज्याला एवढंही लक्षात राहत नाही, त्याने माझ्या चुलीशी बसू नये. जा आपल्या आईकडे."

घरच्या बाईने असं म्हटलं की विषय संपला. डेल्बर्ट उठला आणि रंग, ब्रश फडक्यात बांधायला लागला. कान लालभडक झाले होते. "अगं रोझिटा, चेष्टा केली मी..." फिलोमेना पुटपुटली, पण ऐकतंय कोण! अर्लिंडा तेवढी गप्प. एरवी कोंबडी अंगणात आली तरी सारी आळी डोक्यावर घेणारी ही बाई! बोल की गं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तो दाराशी पोचला तेव्हा मावशी म्हणाली, "थांब. फिलोमेना, माझं वाडगं काढलंय त्याने?"

"हो. काठाचा टवका उडालाय, तोसुद्धा."

"आणि कुत्रा?"

"आहे ना. दुखरा पाय उचलून बसलाय."

"कुत्र्याचा पाय विसरला नाही," मावशी सावकाश म्हणाली, "आणि माझ्या लेकींचे हात विसरला?"

डाव अर्लिंडाच्या हातातून भांड्यात पडला.

"तो विसरला नाही, आई. आम्ही टाकतच नव्हतो. घाई असायची, मुलं रडायची... आणि तुला दिसत नाही, म्हणून..." तिने शालीत तोंड खुपसलं.

"कधीपासून?"

"तुझा हात भाजला तेव्हापासून."

मावशी ओरडली असती तर परवडलं असतं. तिने हातातला पाव खाली ठेवला. "म्हणजे इतके दिवस मी माझ्या आईच्या आधी जेवले," ती म्हणाली. तिच्या तोंडावरची ती लाज मला बघवेना. चूक लेकींची, आणि मान खाली गेली म्हातारीची. मी जमिनीकडे बघत बसले.

"डेल्बर्ट, बाळा, हात धर माझा."

त्याने गाठोडं ठेवलं आणि तिला चुलीपाशी नेलं. तिने तुकडा नाही, अख्खा पाव आत ठेवला. तो जळेपर्यंत ती ओठांतल्या ओठांत बोलत होती. माफी मागत असणार.

"आई, चित्रात हात काढून देतो," डेल्बर्ट म्हणाला. "जागा आहे."

"नको. आहे तस्संच राहू दे. अर्लिंडा जेवायला बसते ना, तिच्या समोर लाव."

चित्र अजून तिथेच आहे. मावशी आता नाही. चुलीत पडणाऱ्या पहिल्या तुकड्यात तिचाही वाटा असतो, आणि तो अर्लिंडा स्वतःच्या हाताने टाकते, न चुकता. समोरच्या भिंतीकडे मात्र तिने अजून मान वर करून पाहिलेलं नाही.