चपला बघून मोटार

जबलपुरात त्या काळी जुनी मोटार घेतलेलं एकही मराठी घर असं नसेल, की ज्याच्या उंबऱ्याशी उकिडवं बसून आमच्या मावसाजींनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, घरधन्याच्या चपला उलट्या करून पाहिल्या नाहीत. जुनी गाडी घ्यायची म्हटली की लोक इंजिन बघतात, टायर बघतात, फारच शहाणे असले तर खाली वाकून तेल गळतं का ते बघतात. मावसाजी घेणाऱ्याच्या चपला बघत. "गाडी कशी आहे ते कोणीही मिस्त्री सांगील," असं त्यांचं म्हणणं, "माणूस कसा आहे ते कोण सांगणार?" टाच झिजली असेल तर माणूस जड बसणारा आणि ब्रेक कचकन मारणारा. अंगठ्याखाली खड्डा पडला असेल तर उतावळा. आणि दोन्ही चपला सारख्या झिजल्या असतील तर मावसाजी हताश होऊन म्हणत, "याला काय गाडी द्यायची, हा माणूस कुठल्याही गाडीत शोभेल." गावाबाहेरच्या सरकारी फॅक्टरीत ते इन्स्पेक्शनमध्ये होते. दिवसभर लष्करी ट्रकांचे भाग ठोकून, वाजवून पास करायचे. ती सवय हाडात शिरलेली. आमच्याकडे आले की करंजीसुद्धा बोटानं वाजवून मगच खायचे. आईला त्याचा राग यायचा, आणि करंजी पास झाली की आनंदही व्हायचा.

माझी आई आणि मावशी दोघीच बहिणी. आम्ही दीक्षितपुऱ्यात, मावशी शहराबाहेर फॅक्टरीच्या इस्टेटीत, म्हणजे कामगारांच्या वसाहतीत. म्हणायला एकच गाव, पण मावशीला आमच्याकडे यायचं म्हणजे मावसाजींच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून, तेही त्यांना रविवारची सुट्टी असली आणि त्या रविवारी कोणाची गाडी बघायची नसली तर. तिकडच्या चढावावर रिक्षावाले यायला मागत नसत. त्यामुळे या दोघी सख्ख्या बहिणी दिवाळी, संक्रांत आणि एखादं बारसं, एवढ्यावरच वर्ष काढत. मावशीच्या मनात एकच होतं, की आपल्याकडे चार चाकं असावीत आणि वाटेल तेव्हा बहिणीकडे जाता यावं. "गावभर गाड्या वाटून राहिले," ती आईला सांगायची, "अन् आपल्या दारात सायकल." मावसाजींचं यावर ठरलेलं उत्तर होतं, की आपल्या घराला शोभेल अशी गाडी अजून बाजारात आलीच नाही.

गावाला मात्र ते अचूक गाडी निवडून देत. आमच्या शाळेचे हेडमास्तर निघतो निघतो म्हणत दारात अर्धा तास बोलत उभे राहणारे. त्यांच्या चपलांचे पुढचे भाग गुळगुळीत. मावसाजींनी त्यांना मुद्दाम हँडल मारून सुरू होणारी खटारा गाडी घ्यायला लावली. म्हणाले, एकदा घाम गाळून सुरू केली की मास्तर गप्पा मारायला थांबणार नाहीत. आणि खरंच, मास्तर आधी बोलून घ्यायचे, मग हँडल मारायचे आणि तडक सुटायचे. मास्तरीणबाईंनी त्या दिवाळीला मावसाजींना चिवड्याचा डबा पाठवला. एका वकिलांच्या दारात त्यांनी सहा मुलींच्या बारा चपला मोजल्या आणि पाववाल्याची जुनी व्हॅन सुचवली. सगळे मावले, पण व्हॅनमधला भाजक्या पावाचा वास काही जाईना. ते कुटुंब देवदर्शनाला निघालं तरी पोचेपर्यंत सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असे. घमापुरातल्या एका ठेकेदाराला लिलावातली लष्करी जीप हवी होती. मावसाजींनी त्याचे लखलखीत पंप-शू पाहिले आणि म्हणाले, "भैया, आप जीप के आदमी नहीं हो." तो हटून बसला. आठवड्याभरात टोपी उडाली, झब्बा चिखलानं माखला, आणि स्वारी मावसाजींच्या दारात हजर. "अच्छा, अब बताइए." त्याला चारी बाजूंनी काचा असलेली गाडी मिळाली आणि तो सुखी झाला.

मग लढाईचं साल आलं. फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, रविवारची सुट्टी बंद झाली, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले गेले. मावसाजी फक्त झोपायला घरी यायचे. सायकलच्या कॅरिअरवरून येणंही गेलं, आणि संक्रांतीला मावशी येणार नाही हे दिसतच होतं. आई वरून म्हणायची, "चालायचंच, लढाई आहे." पण संक्रांतीचं नाव निघालं तेव्हा दोनदा डोळे पुसताना मी तिला पाहिलं. कॉलेजात जायला लागले होते मी, एवढं कळत होतं.

पुढचं मावशीनं सांगितलेलं. एका सकाळी मावसाजी ड्यूटीवर निघाले, तर दारात कोऱ्या करकरीत बायकी चपला. यांना वाटलं कोणी पाहुणी आली.

"कोण आलंय?"

"कोणी नाही. काहून विचारून राहिले?"

"मग ह्या नव्या चपला कोणाच्या?"

"माझ्या," मावशी म्हणाली. "तीन वर्षं झाली घेऊन."

मावसाजी सवयीनं उकिडवे बसले आणि चपला उलट्या केल्या. तळव्यावर दुकानदारानं घातलेला नंबर अजून वाचता येत होता. सगळ्या गावाचे तळवे वाचणारा हा माणूस स्वतःच्या दारातल्या या चपलांपाशी कधी वाकलाच नव्हता. डबा घेऊन उभ्या असलेल्या मावशीला ते शेवटी म्हणाले, "तुला गाडीतून कुठं जायचं असतं?" सगळ्या गिऱ्हाइकांना ते हाच पहिला प्रश्न विचारत. तिला विचारायला त्यांना लग्नानंतर बावीस वर्षं लागली. मावशी म्हणाली, "बहिणीकडे. अन् तुमची सुट्टी बघत बसायचं नाही मला. मलाच चालवायला शिकवा." त्या दिवशी मावसाजी जन्मात पहिल्यांदा ड्यूटीवर उशिरा पोचले.

दीक्षितपुऱ्याच्या बोळात वळेल एवढीच गाडी हवी होती. एका निवृत्त डॉक्टरीणबाईंची हिरवी, दोन दरवाज्यांची, डबीएवढी गाडी निघाली. मावसाजींनी ती ठोकून, वाजवून सात खोडी काढल्या. मावशी आत बसली, स्टिअरिंगला हात लावला आणि म्हणाली, "चलो, घेऊ." रोज पहाटे पाळीच्या आधी अर्धा तास इस्टेटीच्या मैदानात शिकवणी चाले. मावशी पदर खोचून आणि बुडाखाली उशी घेऊन बसायची. मावसाजींच्या सूचना थांबत नसत. तिसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं, "तुम्ही बोलू नका, मला गाडीचं ऐकू येत नाही." मावसाजींना गप्प बसवणारं कोणी आहे, ही बातमी इस्टेटीत लढाईच्या बातम्यांच्या वर गेली.

संक्रांतीच्या दुपारी आमच्या बोळात हॉर्न वाजला. शेजारपाजारच्या बायका खिडक्यांत आल्या. मावशी एकटीच होती, घामानं डबडबलेली, कुंकू कपाळभर पसरलेलं. आई धावत गेली आणि गाडीचं दार कसं उघडायचं ते न कळून खिडकीतूनच तिच्या गळ्यात पडली. त्यानंतर दर मंगळवारी मावशी यायची. आमच्या घरात इतकं हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

आता ती तिघंही नाहीत. दीक्षितपुऱ्यातून जाताना तो बोळ दिसला की हॉर्न ऐकू येतो का म्हणून मी अजून थांबते, खोटं कशाला सांगू. मला आठवतो तो जादा पाळ्या बंद झाल्यानंतरचा पहिला सुट्टीचा रविवार. आम्ही नर्मदेवर ग्वारीघाटला निघालो होतो. मावशी चालवत होती, आई तिच्या शेजारी, आणि मागं मी आणि मावसाजी, गुडघे हनुवटीला टेकलेले, मांडीवर दशम्यांचा डबा. पुढं दोघी लहानपणीचं काहीतरी आठवून अशा हसत होत्या की गाडी रस्ताभर हलत होती. गिअर चुकला. मावसाजींची बोटं चुळबुळली, आणि त्यांनी ती डब्याभोवती आवळली. बराच वेळ ते मावशीच्या पाठीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ही अशी हसते, हे मी विसरूनच गेलो होतो गं पोरी."

"अहो, काही म्हणाले काय?" मावशीनं पुढूनच विचारलं.

"काही नाही," मावसाजी म्हणाले. "तू चालव."