सोमीचं समुद्राकडचं दार

दातिवऱ्याच्या सोमीची लेक दीपा शिकली, आणि शिकली कशात, तर वाऱ्यात! बोईसरच्या एका ऑफिसात ती कारखान्यांच्या शेडचे नकाशे काढायची, कुठल्या छपराला वारा किती ओढेल याचा हिशेब करायची. गावातल्या बायका हसायच्या. वारा काय मोजायची गोष्ट हाय, म्हणायच्या.

आईचं घर मोडकळीला आलं तेव्हा दीपाने नवं घर लाकडाचंच आखलं. खाऱ्या हवेत सिमेंटमधल्या सळया कशा गंजतात, ते तिने पुष्कळ पाहिलं होतं. लोकांना वाटतं, वारा छप्पर पाडतो. पाडतो कसला, तो उचलतो! म्हणून वासे खांबांना आणि खांब पायाला, असं सगळं तिने लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेतलं. सुतार कुरकुरला, पण एक पट्टी तिने सोडू दिली नाही.

एकच घोर होता. धाकटा भाऊ निमेश बोट घेऊन गेला, की तो परतेपर्यंत सोमी समुद्राकडचं दार लावायची नाही. नवरा समुद्रात राहिला त्या दिवशी पाऊस आत येतो म्हणून तिने दार लावलं होतं, आणि ते तिच्या जिवाला कायमचं लागलं. दीपाने तिला बसवून समजावलं. वादळात वाऱ्यासमोरचं दार उघडं राहिलं, तर वारा आत शिरून घर पिशवीसारखं फुगतं आणि छपराला आतूनही रेटा बसतो. सोमीने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दार लावीन म्हणून शपथ घेतली. मग दीपाने हिशेब बंद दाराचा धरला. उघड्या दाराचा धरला असता तर पट्ट्या जाड लागल्या असत्या, एवढंच. आईची शपथ लेकीने खरी मानली, यात तिचं काय चुकलं? पण आपली आई कशी आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं, सांगा!

वादळ भरदुपारी आलं. निमेशची बोट बाहेरच होती. दीपाने बोईसरहून फोन करून आईच्या विनवण्या केल्या. "लावते गं बाय," सोमी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

छप्पर उचललं गेलं आणि आढं सोमीच्या अंगावर आलं. भिंती जागच्या हलल्या नव्हत्या, खांब ताठ होते. दार वाऱ्याने आपटून मिटू नये म्हणून सोमीने ते दोरीने खांबाला बांधून ठेवलं होतं, उघडं. आणि ज्याच्यासाठी ही सगळी धडपड, तो निमेश? तो केव्हाच सातपाटीच्या बंदरात शिरून सुखरूप बसला होता. मोबाइल भिजला म्हणून आईला कळवता आलं नव्हतं. काय म्हणावं या दैवाला!

दिवसकार्य उरकलं. निमेश जेवत नव्हता. पाहुणे पांगले तेव्हा तो बहिणीसमोर येऊन बसला.

"ताई, खरं सांग. आयनं माज्यासाठी दार उघडं ठेवलं, म्हणून ती गेली का?"

दीपाच्या मनात आलं, हो म्हटलं, तर हा पोरगा जन्मभर ते उरावर घेऊन जगेल. आईने जगून दाखवलं होतंच तसं.

"नाय रे," ती म्हणाली. "माजा हिशेब चुकला. घरच कच्चं होतं."

निमेश उठून उभा राहिला.

"मग तू मारलीस तिला," तो म्हणाला.

दीपाने मान हलवली, हो म्हणून.