उर्सिंगने राखलेला किनारा

फिलिपिन्समधल्या आमच्या सोर्सोगोनच्या किनाऱ्यावर डॉल्फिन वाळूत रुतला की पूर्वी माणसं कोयते घेऊन धावायची. नारळाच्या दुधात, शेवग्याचा पाला घालून शिजवलेलं ते मटण मीही खाल्लंय. कापायला बोलवायचे शेजारच्या उर्सिंगला. मासळीबाजारात तिच्यासारखा सफाईचा हात दुसरा नव्हता.

मग मत्स्यखात्याची माणसं येऊन कायदा सांगून गेली. किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन जिवंत असो की मेलेला, कापायचा नाही, विकायचा नाही. आधी खात्याला कळवायचं. उर्सिंग तेव्हा गावच्या राखणदारांत नव्यानेच लागली होती. किनारा तिच्याकडे आला. "खाटकिणीलाच राखण दिली!" म्हणून लोक पोट धरून हसले.

गावदेवाच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी ओहोटीला एक डॉल्फिन उथळात अडकला. आम्ही पोचलो तोवर उर्सिंगने खात्याला फोन करून त्याला नीट पोटावर टेकवलं होतं आणि ओल्या चादरी पांघरल्या होत्या. डोक्यावरचं श्वासाचं भोक तेवढं उघडं. तेवढ्यात तिचा थोरला भाऊ सेबो कोयता घेऊन आला. थोरल्या भावाला आमच्यात 'मानोय' म्हणतात.

"मानोय, कोयता खाली ठेव."

"अगं, उद्या उत्सव. देवाने दारात आणून दिलंय!"

"दिलंय ते अजून श्वास घेतंय. ठेव खाली."

"मला शिकवतेस? कडेवर घेऊन वाढवली तुला!"

"म्हणून तर नीट सांगतेय. हात लावलास तर पोलिसांना पहिलं नाव तुझंच देईन. मग आईला घेऊन तुरुंगात येईन भेटायला. डबाही आणीन."

सगळे खो खो हसले. सेबो लालबुंद झाला. मी उर्सिंगला खेटून उभी होते. ती चादरीवर पाणी ओतत राहिली.

"बरं, मग मी काय नुसता बघत बसू?" सेबो गुरगुरला.

"याच्याखाली ताडपत्री सरकवायचीय, ते टोक धर. एवढं वजन बायकांना पेलायचं नाही."

"कोण म्हणतं पेलायचं नाही?" मासळीबाजारातल्या लुमेनने पदर खोचावा तसा झगा खोचला. सेबोने कोयता वाळूत रोवला आणि टोक धरलं.

दुपारभर आम्ही बादल्यांनी पाणी घालत होतो. एका पुढाऱ्याच्या बायकोला मुलाला डॉल्फिनच्या पाठीवर बसवून फोटो हवा होता. उर्सिंग म्हणाली, "बाई, तुम्ही आजारी पडलात की मी येऊन बसू का तुमच्या पाठीवर?" बाई मागे सरली.

पाणी घालता घालता उर्सिंग मला हळूच म्हणाली, "कापताना मी याच्या डोळ्याकडे कधी बघितलंच नव्हतं गं."

भरती चढू लागली तशी खात्याची डॉक्टरीण पोचली. तिने तपासून होकार दिला. ताडपत्रीत उचलून आम्ही त्याला छातीभर पाण्यात नेलं. सोडला, तर तो वळून परत वाळूकडेच आला. डॉक्टरीण म्हणाली, अंग आखडलंय, धरून ठेवा. सेबोने त्याला कुशीत धरलं, तान्ह्या पोराला धरावं तसं. डॉक्टरीण 'आता सोडा' म्हणाली तरी तो म्हणे, "थांबा, अजून कलतोय!" शेवटी सोडला. या वेळी तो सरळ खोल पाण्याकडे गेला आणि लांबवर त्याचा पर दिसला. लुमेन रडत होती, सेबो शिट्ट्या मारत होता.

दुसऱ्या दिवशी उत्सवाच्या पंगतीत सेबो डुकराचं मटण वाढता वाढता सांगत होता, "मी म्हटलं उर्सिंगला, याला वाचवायचाच!" उर्सिंगने त्याला एकदाही अडवलं नाही, उलट आणखी भात मागून घेतला.

पुढच्या वर्षी एक मेलेला डॉल्फिन लागला. गावातून एकही कोयता निघाला नाही. खात्याने मोजमाप घेतलं आणि आम्हीच खड्डा खणून तो पुरला.

आता खालच्या गावांतही काही किनाऱ्याला लागलं की फोन आधी उर्सिंगला येतो. ती मोटारसायकलवर मागे बसून निघते, आणि रस्त्यात कोणी विचारलं, ही कोण, तर आम्ही सांगतो, "ही आमची उर्सिंग."