नमुन्याचा फोटो

मी काढलेले फोटो ऑनलाइन विकतो. मोताळ्याच्या आठवडी बाजारात लसूण विकणाऱ्या एका आजोबांचा चेहरा मला भावला. परवानगीच्या कागदावर त्यांनी निमूट अंगठा दिला आणि सवयीने तागडीतली टरफलं फुंकून उडवली. नाव विचारायचं मला सुचलंही नाही.

पुढे बुलढाण्यात फ्रेमच्या दुकानात नमुना म्हणून तोच फोटो टांगलेला दिसला, वर झेंडूचा हार. जित्याजागत्या माणसाच्या फोटोला हार! लाज वाटून मी बाजाराच्या दिवशी माफी मागायला गेलो. आजोबा जागेवरच बसले होते.

"पाह्यला म्या तो फोटू, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "हार सुकून गेल्ता. नवा घालून आलो."

मग त्यांनी तागडीवर फुंकर मारली. एकही टरफल हललं नाही.