बाईंची घरचौकशी

देसाईबाई गेल्याचं मला मंडईत कळलं, त्याला आता महिना झाला. आमच्या जुन्या शिपायानं हाक मारली, "सायेब, बाई गेल्या की..." आणि लगेच वांग्यांचा भाव विचारायला लागला. बाईंना ते आवडलं असतं. रडारड त्यांना खपत नसे.

बाई आमच्या बालगृहात परिवीक्षा अधिकारी, मी कारकून. मूल घरी धाडायचं की संस्थेत ठेवायचं, हे त्यांच्या घरचौकशीच्या अहवालावर ठरे. काम चोख, जीभ तिखट. माझ्या अक्षराला त्या कोंबडीचे पाय म्हणत.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. जोतिबाच्या यात्रेत चुकलेली सात वर्षांची शेवंता पोलिसांनी आमच्याकडे आणून सोडली. चार दिवसांनी गारगोटीकडची गंगाक्का तिला शोधत आली. बाईंनी विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?" ती सरळ म्हणाली, "हिच्या आईची सवत. ती बाळंतपणात गेली, मालक परागंदा. पोर जल्मापास्नं माझ्यापाशीच हाय की." आई आहे म्हणून ठोकून दिलं असतं तर पोर बहुधा त्याच दिवशी मिळाली असती. पण सवत म्हटल्यावर बाईंनी गावी न जाताच लिहिलं: आई मयत, वडील बेपत्ता, सावत्रपणाचा धोका. शेवंता संस्थेत राहिली.

गंगाक्का दर रविवारी यायची. भेट फक्त नातेवाइकांना, त्यामुळं तिला फाटकावरून परत पाठवायचं काम माझं. "सायेब, नुसती बघून जाते की," म्हणायची. मी नियम दाखवायचो.

एका रविवारी मी चहाला गेलो होतो. परतलो तर शेवंता फाटकाला पाठ लावून बसलेली आणि गंगाक्का गजांतून हात घालून तिची वेणी घालतेय. पलीकडं देसाईबाई उभ्या, बघत. दुसऱ्या दिवशी त्या गारगोटीच्या एसटीत बसल्या. नव्या अहवालाची पहिली ओळ होती, 'आधीचा अहवाल मी घर न बघता लिहिला, तो चुकीचा आहे.' बालगृहाचे अधीक्षक साहेब म्हणाले, "ही ओळ काढा, बढती जाईल." बाई म्हणाल्या, "जाऊ दे की." शेवंता घरी गेली. बढतीही गेली.

परवा कार्यालयात डोकावलो. नवी अधिकारी एका मुलीला पहिलाच प्रश्न विचारत होती, "ताप आला की कुणाच्या कुशीत झोपतेस?" ही रीत बाईंची, त्या गारगोटीच्या फेरीनंतरची. मला तिथं उभं राहवेना. गंगाक्काला मी सात रविवार परत पाठवलं होतं, आणि बाईंनी अहवालात माझा उल्लेखही केला नाही. माझंही चुकलं, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. पुढची दहा वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर बसत होतो.